गाडीचीही दारे धरा!



या सदरात आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, खताचे हप्ते यांवर लिहितो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे. गेल्या हंगामात लागण नोंदीसाठी नेसरी भागात फिरताना आमचीच फजिती झाली. त्यातून जे शिकलो ते आपल्याही उपयोगी पडेल, म्हणून लिहितो.

झाले असे. रस्त्याकडेला गाडी लावून आम्ही दुकानातून औषधाचे खोके घेतले. हात भरलेले, म्हणून वीस पावलांवरूनच रिमोटचे बटण दाबले. चारही दारांची कुलपे खटकन उघडली. आम्ही डिकीत खोके ठेवतोय, तोवर कुणीतरी डावीकडचे मागचे दार उघडून सीटवरची पिशवी लांबवली! आत पैसे नव्हते, पण नोंदींचे कागद होते. लागणीच्या तारखेवर तोडणीचा क्रम ठरतो, हे आपण जाणताच. चार दिवस पुन्हा बांधाबांधाने फिरलो. त्या पिशवीत टोळीच्या मुकादमाला द्यायची उचल असती, तर काय झाले असते?

घरी येऊन गाडीबरोबर मिळालेले माहितीपुस्तक पहिल्यांदाच उघडले. तेव्हा कळले, की किती दारे उघडायची हे बऱ्याच गाड्यांत आपल्यालाच ठरवता येते. इतके दिवस आम्ही ते पाहिलेच नव्हते!

एक दार की चारही?

उसाला पाणी पाजताना आपण सगळी दारे एकदम मोकळी सोडतो काय? ज्या सरीला पाणी हवे तिचेच दार फोडतो, बाकीची बंद ठेवतो. गाडीचेही तसेच आहे. एका पद्धतीत एकदा बटण दाबले की चारही दारे उघडतात. दुसरीत पहिल्या दाबाला फक्त चालकाचे दार उघडते आणि लगेच दुसऱ्यांदा दाबले की बाकीची.

ज्यांच्याजवळ रोकड, दागिने वा कागदपत्रे असतात, त्यांनी दुसरी पद्धत ठेवावी. आपल्या भगिनी आता गडहिंग्लज-चंदगड रस्त्याने एकट्या गाडी नेतात. रात्री अंधारात गाडीत बसताना पलीकडच्या दाराने कुणी आत शिरू नये, म्हणून त्यांना तर ही पद्धत फारच सोयीची. उलट घरात गुडघे दुखणारी आई असेल, लहान मुले असतील, तर पावसात त्यांना दारापाशी ताटकळत ठेवणे बरे नव्हे. त्यांनी चारही दारांची पद्धत ठेवली तरी चालेल. मात्र बटण गाडीजवळ येऊनच दाबावे. क्षारपड जमिनीत फुले २६५ चांगला येतो म्हणून सगळ्या शिवारात तोच लावत नाहीत. जशी जमीन तसे वाण. जसे घर तशी पद्धत.

आपोआप लागणारे कुलूप

बऱ्याच गाड्यांत बटण दाबल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात कोणतेही दार उघडले नाही, तर कुलूप पुन्हा लागते. खिशात चुकून बटण दाबले गेले तर हे उपयोगी. पण यामुळेच किल्ली गाडीत ठेवून खाली उतरू नये आणि रिमोट मुलांच्या हाती खेळायला देऊ नये. उन्हात बंद गाडीचा आतला उष्मा दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी वाढू शकतो. मूल आत अडकले तर किल्ली शोधत बसू नये. ११२ वर फोन करावा, आणि मूल कासावीस दिसले तर त्याच्यापासून लांबची काच फोडावी. काचेपेक्षा लेकरू मोलाचे.

गाडीने वेग घेतला की दारे आपोआप बंद होण्याचीही सोय असते. मागे मुले बसत असतील तर ती चालू ठेवावी. तथापि अपघातात धक्का बसल्यावर दारे आपोआप उघडतात की नाही, हे पुस्तकात जरूर पाहावे. हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. वेळ आलीच, तर मदतीला धावणाऱ्याला बाहेरून दार उघडता आले पाहिजे.

कुलूप लागले, याची खात्री

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तेव्हा किल्ली फिरवून, दार ओढून पाहून माणूस पुढे जाई. आता बटण दाबतो आणि पाठ फिरवतो. रिमोटचा संकेत दर दाबाला बदलतो, त्यामुळे जुना संकेत टिपून चोराला सहसा दार उघडता येत नाही. पण दुसऱ्या यंत्राने संकेत अडवला, तर आपण बटण दाबूनही कुलूप लागतच नाही. म्हणून दिव्यांची उघडझाप पाहावी आणि दार एकदा हाताने ओढून बघावे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर व त्यांचे सहा साथीदार जिथे धारातीर्थी पडले, त्या खिंडीत पाहुण्यांना दर्शनाला नेताना आम्हीही आता हे विसरत नाही.

किल्ली खिशात असताना नुसत्या स्पर्शाने उघडणारी गाडी असेल, तर रात्री किल्ली दाराजवळच्या खुंटीला टांगू नये. तिचा संकेत यंत्राने लांबवून चोर गाडी उघडू शकतात. किल्ली घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी आणि डबा गाडीजवळ नेऊन दार उघडते का ते तपासावे. उघडलेच, तर डबा बदलावा.

बदल कसा करावा?

काही गाड्यांत समोरच्या पडद्यावर, काहींत रिमोटची दोन बटणे एकत्र दाबून धरून, तर काहींत विक्रेत्याच्या कार्यशाळेतच हा बदल होतो. पुस्तक चाळावे, नाहीतर पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकला विचारावे. रिमोटचा सेल संपला तर आत दडवलेली साधी किल्ली कशी काढायची, तेही तेव्हाच शिकून घ्यावे, आणि घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला दाखवावे.

आम्ही आमच्या गाडीला पहिल्या दाबाला एकच दार ठेवले आहे. सौभाग्यवती दुसऱ्या दाबापर्यंत थांबताना कुरकुरतात खऱ्या. पण नोंदींचे कागद आता शाबूत राहतात. आपणही आज संध्याकाळी एकदा बटण दाबून पाहा, आणि किती दारे उघडतात ती मोजा.

आपला,
ऊस विकास अधिकारी