जुनी छायाचित्रे कशी वाचावीत?

मुंबईची जुनी कृष्णधवल छायाचित्रे पाहिली की आपल्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो हाच : ‘काय मोकळे रस्ते होते हो तेव्हा!’ हा उद्गार खोटा नाही, पण पुरता खराही नाही.

मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ साली निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तिचे सभासद होते. त्या सुमारास ओल्या काचेची रीत रूढ होत होती. काच ओली आहे तोवरच चित्र घ्यावयाचे, आणि त्यासाठी भिंगावरचे झाकण काही सेकंद उघडे ठेवावयाचे. तेवढ्या वेळात समोरून गेलेला हमाल किंवा धावती गाडी काचेवर उमटतच नसे; उमटलीच तर धुरकट सावलीसारखी. टिकत ती घरे, झाडे आणि स्तब्ध उभी माणसे. तेव्हा चित्रातला रस्ता रिकामा म्हणून तो निर्मनुष्य होता असे समजू नये. रंगांचेही तेच. ही काच निळा रंग चटकन टिपी, तांबडा जवळजवळ नाहीच. म्हणून आकाश पांढरेफटक दिसते, आणि लाल पागोटे काळे!

चित्रावर साल नसले तरी चित्रच ते सांगते. राजाबाई टॉवर पुरा झालेला दिसला, तर चित्र १८७८ च्या आधीचे नव्हे. घोड्यांची ट्राम असेल, तर ते १८७४ ते १९०५ मधले. विजेची असेल, तर १९०७ ते १९६४ मधले.

पण जे चित्रात नाही त्याचे काय? टाउन हॉलची चित्रे पुष्कळ सापडतात. गिरणगावातल्या चाळीच्या खोलीची फार थोडी. यंत्र महाग, खोलीत उजेड अपुरा, आणि गिरणीकामगाराचे चित्र विकत घेणार कोण? छायाचित्र खोटे बोलले नाही, तरी पुष्कळ वेळा गप्प बसते.

म्हणून एक विनंती. आपल्या घरच्या पेटीतले फोटो आज बाहेर काढा. वडीलधाऱ्या माणसांना विचारून प्रत्येकाच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नावे, जागा आणि साल लिहून ठेवा. ओळखणारे माणूस गेले की चेहरा राहतो, माणूस राहत नाही. आणि शहराच्या इतिहासातले एक घर कायमचे बंद होते.