घडविणाऱ्या हातांची नावे

कार्ल्याच्या चैत्यगृहाकडे सहल नेली की दर्शनी भागातील एका लहानशा ब्राह्मी लेखाकडे आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष आवर्जून वेधतो. हे द्वार धेनुकाकट येथील सुतार, वेणुवासाचा पुत्र सामी याने घडविले, असा त्याचा आशय आहे. दात्यांची नावे लेण्यांत पुष्कळ आढळतात. घडविणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच.

युरोपातही दीर्घकाळ चित्रकार आणि शिल्पकार हे हातकाम करणारे म्हणूनच गणले जात. फ्लॉरेन्समध्ये चित्रकारांचा समावेश वैद्य व औषधविक्रेत्यांच्या संघात होत असे. प्रबोधनकाळाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटू लागले. जॉर्जो व्हासारी याने १५५० साली कलावंतांची चरित्रे प्रसिद्ध केली आणि १५६८ मध्ये त्यांची विस्तृत आवृत्ती काढली. १५६३ साली फ्लॉरेन्समध्ये कलावंतांची अकादमी स्थापन झाली. कारागिराला नाव मिळाले, आणि नावाबरोबर प्रतिष्ठाही.

या काळातील ताम्रकोरणीची कला सोनारांच्या कार्यशाळांतून पुढे आली होती. गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणीने रेषा खोदायच्या, रेषांत शाई भरून वरचा पृष्ठभाग पुसायचा आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्राच्या रुळांखालून काढायचा, अशी तिची रीत. छापा उलट उमटतो, म्हणून कोरताना सारे उलटे कोरावे लागते. कॉर्नेलिस कोर्ट याने तिशियनची चित्रे अशीच कोरली, आणि व्हेनिसला कधीही न गेलेल्यांनी ती पाहिली. हार्लेमचा हेंड्रिक गोल्टझियस याचा उजवा हात बालपणीच भाजून वाकडा झाला होता. त्याच हाताने तो आपल्या काळातील अग्रगण्य कोरक झाला.

ही विद्या पुण्यातही आली. पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने १७९० नंतरच्या दशकात शनिवारवाड्यात चित्रशाळा चालली. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याच्याबरोबर तेथे गंगाराम चिंतामण तांबट याने काम केले. वेरूळच्या लेण्यांची त्याने काढलेली रेखाचित्रे मॅलेटच्या लेखासाठी उपयोगी पडली. वेरूळच्या ज्या बौद्ध चैत्यगृहाला लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणतात, ते त्याच लेणीसमूहातले. पुढे १८०५ साली मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याचे पत्रे कोरून भगवद्गीता छापली गेली. अक्षर न् अक्षर उलटे कोरणारा तो हात कारागिराचाच होता.

हे सारे आमच्या पालकांना परके वाटू नये. चाकण, भोसरी आणि पिंपरीच्या टूलरूममध्ये डाय घडविणारा कामगार आजही धातूवर उलटा आकार कोरतो, म्हणजे सुटा भाग सुलटा निघतो. केसभर चूक झाली तर साचा वाया जातो. तरीही तयार गाडीवर त्याचे नाव नसते. हाताने काम करणाऱ्याला कमी लेखणारी रीत आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी जवळच्याच देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तेव्हा जमलेल्यांत असे कष्टकरी हात किती असतील!

म्हणून वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढणाऱ्या मुलाला ‘याने पोट भरेल का?’ असे विचारण्यापूर्वी पालकांनी क्षणभर थांबावे, ही विनंती. रेषेवरची पकड चित्रशाळेत जशी उपयोगी पडते तशीच टूलरूममध्येही.

आणि एक चूक आमचीही. वसतिगृहाच्या कोनशिलेवर देणगीदारांची नावे आहेत. गवंडी, सुतार आणि रंगारी यांची नाहीत. माजी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने जेवढी नावे मिळाली, तेवढी या स्मरणिकेच्या अखेरच्या पानावर आम्ही कृतज्ञतापूर्वक छापली आहेत. ज्यांना आणखी नावे आठवतील, त्यांनी ती अवश्य कळवावीत.