होळकरांची ड्यूसेनबर्ग

होळकर म्हटलं की आपल्याला अहिल्याबाई आठवतात, महेश्वरचा घाट आठवतो. त्याच घराण्यातल्या यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३०च्या दशकात त्या काळातलं एक अव्वल यंत्र स्वतःसाठी घडवून घेतलं, हे मात्र फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही. नारिंगी-काळ्या रंगाची, लांबलचक, उघड्या टपाची ड्यूसेनबर्ग एसजे. संस्थानिकांच्या उधळपट्टीच्या यादीत तिला ढकलून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं.

ड्यूसेनबर्ग हा अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा कारखाना. फ्रेड आणि ऑगस्ट हे ड्यूसेनबर्ग भाऊ जर्मनीत जन्मले, आयोवात वाढले आणि सायकलींवरून शर्यतीच्या मोटारींकडे वळले. १९२१ची फ्रेंच ग्रां प्री त्यांच्या गाडीने जिंकली, पुढे इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत तीनदा. १९२८च्या डिसेंबरात त्यांचं ‘जे’ मॉडेल आलं. एका रांगेत आठ सिलिंडर, ३२ व्हॉल्व्ह, जवळपास सात लिटरचं इंजिन आणि कंपनीच्या सांगण्यानुसार २६५ अश्वशक्ती. ‘एसजे’मध्ये याला सुपरचार्जर जोडलेला. क्रँकशाफ्टच्या कित्येक पट वेगाने फिरणारा हा पंखा इंजिनात हवा रेटून भरतो, की ताकद ३२०वर. अशाच एका गाडीच्या अपघातात जखमी होऊन फ्रेड १९३२मध्ये गेला.

या इंजिनाचे आकडे सगळे सांगतात. मला जास्त मोह पडतो तो डॅशबोर्डचा. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा काटा आहे, ब्रेकचा दाब दाखवणारा आहे, स्टॉपवॉच आहे. ठरावीक मैल झाले की चासीच्या सांध्यांना आपोआप तेल मिळतं आणि तेवढा वेळ एक दिवा लागतो. ७०० मैलांनी दुसरा दिवा लागतो: इंजिनाचं तेल बदला. १४०० मैलांनी तिसरा: बॅटरीतलं पाणी बघा. ही सगळी आठवण दातेरी चाकांच्या हिशेबावर ठेवलेली! गाडीची निगा कशी राखायची हे गाडीनेच सांगावं, हा विचार तेव्हा किती पुढचा होता.

पण कारखान्यातून बाहेर पडे ती नुसती चासी, इंजिन आणि बोनेट. अंगावरचा साज गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या बांधणाऱ्याकडून करून घ्यायचा. म्हणून या गाड्या एकसारख्या दिसत नाहीत. क्लार्क गेबल आणि गॅरी कूपर या हॉलिवूडच्या नटांकडे आखूड चासीच्या दोनच एसएसजे होत्या. त्यांतली कूपरची २०१८मध्ये लिलावात २ कोटी २० लाख डॉलरला गेली. यशवंतरावांनी आपलं काम लंडनच्या गर्नी नटिंगला दिलं. सर माल्कम कॅम्बेल यांच्या वेगाचा विक्रम करणाऱ्या ‘ब्लूबर्ड’चं अंग घडवणारे हेच. आधी सुताराने ॲश लाकडाचा सांगाडा उभा करायचा, मग पत्रा ठोकून, चाकावर फिरवून त्याला गोलाई आणायची, मग रंगाचे हात चढवायचे आणि प्रत्येक हात घासून काढायचा. मडगार्डची रेघ कुठे उचलायची नि कुठे सोडायची, हे कारागिराची नजर ठरवी. होळकरांच्या गाडीत ती रेघ बोनेटपासून निमुळत्या शेपटापर्यंत अडखळत नाही.

गिऱ्हाईकही तसंच होतं. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या यशवंतरावांनी एकार्ट मुथेशियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून इंदुरात माणिकबाग हा राजवाडा बांधवून घेतला. शिल्पकार ब्रांकुशीची ‘बर्ड इन स्पेस’ शिल्पं घेतली. छायाचित्रकार मॅन रे यांनी यशवंतरावांची आणि कागलच्या घाटगे घराण्यातून आलेल्या महाराणी संयोगिताराजेंची छायाचित्रं काढली. ब्रांकुशीचा झळाळता पक्षी आणि ही गाडी शेजारी ठेवून पाहा; दोन्हींत अनावश्यक ते सगळं काढून टाकलेलं आहे. या माणसाने दागिन्यांनी मढवलेली गाडी मागितली नाही, नेमकी रेघ मागितली. हे मला फार मोठं वाटतं.

ड्यूसेनबर्ग कंपनी १९३७मध्ये बंद पडली. त्याच वर्षी संयोगिताराजे गेल्या, यशवंतराव १९६१मध्ये. गाडी पुढे अमेरिकेत संग्राहकांकडे गेली. माणिकबागेतलं फर्निचर १९८०मध्ये मोंटे कार्लोच्या लिलावात विकलं गेलं आणि २०१९मध्ये पॅरिसच्या एका संग्रहालयाने त्यातल्या वस्तू गोळा करून यशवंतरावांवर मोठं प्रदर्शन भरवलं. माणिकबागेत आता केंद्र सरकारचं करखातं बसतं.