कारखाना नसलेला पुढारी

दिवाळीच्या आगेमागे आमच्या वारणानगरात बॉयलर पेटतो. पूजा होते, नारळ फुटतो, गव्हाणीत पहिली मोळी पडते आणि मग पुढचे काही महिने हवेला मळीचा तो ओळखीचा वास येत राहतो. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या या कारखान्याने पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पहिला ऊस गाळला. पाठोपाठ दूध संघ आला, बझार आला, शाळा-कॉलेजे आली, पोरांचा वाद्यवृंदही आला. त्यामुळे 'पुढारी म्हणजे कोण?' असे इथल्या शाळकरी पोराला विचारले, तरी तो धुराड्याकडे बोट दाखवील. ऊसपट्ट्यात राजकारणाची शिडी ठरलेली आहे. आधी कारखाना, मग बँक, मग शिक्षणसंस्था, आणि वरच्या पायरीवर विधानसभा. वारणा नदीपलीकडे वाळव्यात नागनाथअण्णा नायकवडींसारख्या बेचाळीसच्या क्रांतिकारकालाही अखेर 'हुतात्मा' कारखाना काढावासा वाटला. आणि त्यांनी तो नेकीने चालवला.

आमच्या या कोल्हापूर जिल्ह्यात साठ वर्षे राजकारण करूनही ज्यांच्या नावावर ना कारखाना होता ना आमदारकी, त्या कॉम्रेड गोविंद पानसरे यांना कोणत्या मापाने मोजायचे, हा प्रश्न मला म्हणूनच सोडवत नाही.

गंमत अशी की, ते स्वतः साखरेच्याच मुलखातून आलेले. नोव्हेंबर १९३३ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील कोल्हार गावी त्यांचा जन्म झाला. घरची जमीन सावकाराच्या घशात गेलेली, आई दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जायची. कोल्हारच्या शेजारीच लोणी आहे, म्हणजे विठ्ठलराव विखे पाटलांचे प्रवरानगर, जिथे सहकारी साखर कारखानदारीचा श्रीगणेशा झाला. त्या धुराड्यातून धूर निघू लागला, त्याच सुमारास हा राहुरी हायस्कुलात शिकलेला मुलगा कोल्हापूरला निघून आला.

कोल्हापुरात राहायला जागा नव्हती. बिंदू चौकात रिपब्लिक बुक स्टॉल होता, डाव्या पुस्तकांचे छोटेसे दुकान. दिवसा तिथे वाचायचे, रात्री तिथेच अंथरूण टाकायचे. त्याच चौकात डिसेंबर १९५० मध्ये डॉ. आंबेडकर आणि महात्मा फुले यांचे पुतळे बसले होते. बाबासाहेबांचा पुतळा तर त्यांच्या हयातीतला. अशा चौकातल्या दुकानात झोपणाऱ्या पोराला वेगळे अभ्यासवर्ग कशाला लागतात? १९५२ साली ते कम्युनिस्ट पक्षात गेले. वर्तमानपत्रे विकली, नगरपालिकेत शिपायाचे काम केले, प्राथमिक शाळेत शिकवले. राजाराम कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन पदवी, मग कायद्याची. संयुक्त महाराष्ट्र आणि गोवा मुक्ती या दोन्ही लढ्यांत ते होते. १९६४ साली पक्ष फुटला, ते भारतीय कम्युनिस्ट पक्षातच राहिले. वकिली सुरू केली तीही त्याच वर्षी.

त्यांच्या राजकारणाची किल्ली या वकिलीत आहे, असे मला वाटते. कामगार कायद्याचे काम कोरडे असते. मागणीपत्र, नोटीस, हजेरीपत्रक, तारीख, पुन्हा तारीख. मालक 'हा आमचा कामगारच नाही' म्हणतो, आणि मग एखादी पावती किंवा मस्टरवरचा अंगठा शोधत बसावे लागते. ज्यांच्याजवळ तोही कागद नसतो, अशी माणसे पानसरेंकडे येत गेली: मोलकरणी, फेरीवाले, झोपडपट्टीतले रहिवासी. ऊसपट्ट्यातला पुढारी सभासद जोडतो, पानसरेंनी ज्यांना कुठलेच सभासदत्व मिळत नाही अशांना जोडले. अशा लोकांच्या मतांवर निवडणूक निघत नाही, हे त्यांना कळत नसेल असे थोडेच आहे! पक्षाचे राज्य सचिवपद त्यांनी सांभाळले. पण कार्यकर्त्यांसाठी ते नुसते 'अण्णा' राहिले.

मे १९८७ मध्ये त्यांनी शिवाजी महाराजांवर एक भाषण दिले. पुढच्या वर्षी त्याचे छोटेखानी पुस्तक झाले, 'शिवाजी कोण होता?'. शीर्षकातल्या एकेरीवरून आजही खटके उडतात, पण आत पाहावे तर सगळा भर रयतेवर आहे. वतनदारांना वेसण कशी घातली, सारा कसा ठरवला, सैन्याने शेतकऱ्याच्या पिकाला हात का लावायचा नाही. वकील जसा अशिलाला कलम समजावतो, तशी सोपी, घोळून घोळून सांगणारी भाषा. अनेक भाषांत त्याचे अनुवाद झाले आणि लाखावर प्रती गेल्या. एखाद्या कारखान्याच्या सभासदांपेक्षा हा आकडा मोठा भरेल!

२००३ मध्ये मुलगा अविनाश गेला. तोही चळवळीतलाच. बापाने त्याच्या नावाने व्याख्यानमाला सुरू केली. दुःख असे सार्वजनिक कामाला जुंपणे सगळ्यांना जमत नाही; मला तरी ते वाचतानाच जड जाते.

अखेरच्या वर्षांत कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात ते प्रा. एन. डी. पाटलांच्या बरोबरीने उतरले. शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. मूळचे वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे. दोघेही ऐंशीच्या घरातले, दोघांच्याही खिशात मतदारसंघ नाही, आणि मागे अख्खे शहर.

१६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमा फिरून घरी परतत होते. मोटारसायकलवरून आलेल्यांनी दोघांवर गोळ्या झाडल्या. उमाताई वाचल्या. पानसरेंना मुंबईला हलवले, तिथे २० फेब्रुवारीला ते गेले. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून होऊन तेव्हा दीडच वर्ष झाले होते. अटका झाल्या, आरोपपत्रे दाखल झाली, २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तपास दहशतवादविरोधी पथकाकडे (एटीएस) दिला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारखा सांभाळलेल्या वकिलाच्या खुनाच्या खटल्यालाही तारखाच पडत राहिल्या.

पानसरे गेले त्याच वर्षाच्या, २०१५ च्या अखेरीस कोल्हापूरचा टोल सरकारने रद्द केला. तो जल्लोष पाहायला ते नव्हते. पण शहराने एक वेगळीच रीत सुरू केली. महिन्याच्या वीस तारखेला माणसे पहाटे उठून एकत्र फिरायला निघू लागली. पानसरे निघत तशी, पायी, कोणताही बंदोबस्त न मागता. त्याला नाव पडले 'निर्भय मॉर्निंग वॉक'.