पिल्झेनची कसोटी तळघरात

प्रागच्या पश्चिमेला नव्वदेक किलोमीटरवर पिल्झेन आहे. शनिवारी सकाळी आगगाडीत बसलं की दीडेक तासात गावात. स्टेशनापासून थोडं चाललं की दोन कमानींचं दगडी प्रवेशद्वार समोर येतं. पिल्सनर उर्केल या बिअरच्या कारखान्याच्या पन्नाशीनिमित्त 1892 मध्ये ते उभारलं गेलं आणि तिच्या लेबलवर आजही झळकतं. आपल्याकडच्या परमिट रूममध्ये मिळणारी सोनेरी, नितळ बिअर ज्या घराण्यातली, त्याचं मूळ घर हेच.

या घराचा पाया नामुष्कीतून घातला गेला. 1295 मध्ये शहर वसलं तेव्हापासून इथल्या घरमालकांना बिअर बनवून विकण्याचा हक्क होता. पण घरोघरच्या बिअरचा दर्जा इतका ढासळला, की 1838 मध्ये 36 पिंपं नगरभवनासमोर ओतून द्यावी लागली. मग हक्कदारांनी एकत्र येऊन सामाईक कारखाना काढायचं ठरवलं. सहकारी साखर कारखाने पाहिलेल्या मराठी माणसाला ही जिद्द लगेच ओळखीची वाटेल. बव्हेरियातून योसेफ ग्रोल या तरुण कारागिराला बोलावलं. 5 ऑक्टोबर 1842 रोजी त्याने पहिला घाणा काढला.

ग्रोलच्या हाती आलेलं सगळं साहित्य याच मुलखातलं होतं: पिल्झेनचं मऊ पाणी, मोराव्हियाची बार्ली, झाटेत्सच्या हॉप्सची सुगंधी फुलं. मोड आलेली बार्ली त्याने मंद आचेवर, काळपट न होऊ देता वाळवली, म्हणून रंग सोनेरी आला. थंडीत तळाशी बसून काम करणारं यीस्ट त्याने बव्हेरियन पद्धतीने वापरलं. तोवर गावाला गडद, गढूळ बिअरचीच सवय होती.

कारखान्यात सर्वांत जास्त वेळ थांबावं ते तांब्याच्या हंड्यांपाशी. मोड आणून वाळवलेली बार्ली म्हणजे माल्ट. ते भरडून गरम पाण्यात कालवलं, की त्यातला काही भाग वेगळ्या हंड्यात काढतात, थेट आचेवर उकळतात आणि पुन्हा मूळ मिश्रणात ओततात. असं तीनदा. बहुतेक कारखान्यांनी वेळ आणि इंधन वाचवण्यासाठी ही खटपट केव्हाच सोडली. इथे ती टिकली, कारण तांब्याच्या तापलेल्या बुडाशी माल्ट किंचित खरपूस होतं आणि हॉप्सच्या कडवटपणाला त्यातूनच गोडसर आधार मिळतो.

मग पायऱ्या उतरून तळघरात. वालुकाश्मात खोदलेली ही भुयारं सुमारे 9 किलोमीटर लांबीची आहेत. भिंती ओल्या, हवा बोचरी. यंत्राने गारवा निर्माण करता येत नव्हता, तेव्हा हिवाळ्यात साठवलेल्या बर्फावर इथलं तापमान राखत. आता आंबवण्याचं मुख्य काम वर पोलादी टाक्यांत होतं. 1990 च्या दशकात तो बदल झाला. तरी ओकची पिंपं मोडीत निघाली नाहीत. त्यांतल्या काहींत आजही जुन्या रीतीने बिअर मुरते आणि नव्या टाक्यांतली तिच्याशी ताडून पाहतात. पिंपं घडवणारे, त्यांना आतून राळ लावणारे कारागीरही कारखान्यानेच सांभाळले आहेत.

पाहुण्यांना पेला मिळतो तो याच पिंपांतून. न गाळलेली बिअर थोडी धुरकट दिसते. वर दाट, ओलसर फेस. आधी पावासारखा खमंग वास, मग कडवटपणा, जिभेवर बराच वेळ रेंगाळणारा.

आज या कारखान्याची मालकी जपानच्या असाही कंपनीकडे आहे. मालक बदलले, टाक्या बदलल्या. पण चव बिघडली तर ती दाखवून देणारा साक्षीदार या लोकांनी घरातच ठेवला. वाढत्या उद्योगाने शिकावी अशी ही गोष्ट आहे. प्रागला जाणार असाल, तर एक शनिवार पिल्झेनसाठी राखून ठेवा. तळघराची फेरी आधी नोंदवा आणि भर उन्हाळ्यातही स्वेटर बरोबर घ्या.