पिकअपला विजेचा पंखा : बसवण्यापूर्वी हिशेब करा

सुताच्या गोणी असोत की कापडाच्या गाठी, आपल्या धंद्यात माल वेळेवर पोहोचला तरच सौद्याला अर्थ राहतो. भिवंडीहून मालेगावला निघालेला पिकअप मे महिन्यात कसाऱ्याच्या घाटात गरम होऊन उभा राहिला, तर माल अडकतोच, शिवाय हेड वाकण्याची आणि गास्केट जाण्याची भीती असते. मग कोणी तरी सल्ला देतो, ‘मूळ पंखा काढा, विजेचा बसवा, डिझेलही वाचेल.’ हा सल्ला कधी बरोबर असतो व कधी नुकसानीचा, हे व्यापारी बंधूंनी आणि गाडीमालकांनी समजून घेतले पाहिजे.

मूळ पंखा इंजिनाच्या ताकदीवर, बहुधा पट्ट्याने फिरतो. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन मंद तर पंखाही मंद. बऱ्याच पिकअपमध्ये त्याला व्हिस्कस कपलिंग असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की कपलिंगमधील सिलिकॉनचे घट्ट तेल पकड घेते आणि पंखा जोराने फिरतो. हवा थंड असेल तर तो ढिला राहतो. विजेच्या पंख्याला मात्र स्वतःची मोटर असते. इंजिन मंद असो वा जोरात, त्याचा वेग जवळपास तेवढाच राहतो.

फायदा-तोटा इथेच आहे. गाडी नाक्यावर किंवा वाहतुकीत उभी असते, तेव्हा समोरून वारा नसतो आणि मूळ पंखाही मंद असतो. तिथे विजेचा पंखा खरोखर कामाला येतो. मोकळ्या हायवेवर वारा आपोआप मिळतो, म्हणून पंख्याची फारशी गरजच नसते. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद आठपट होते. त्यामुळे कपलिंग नसलेला पंखा हायवेवर ताकद फुकट खातो. विजेचा पंखा तिथे बंद राहतो, एवढी बचत खरी. पण कपलिंग असलेल्या गाडीत ही बचत फार थोडी. शिवाय वीज फुकट येत नाही. अल्टरनेटरही इंजिनच फिरवते.

भरलेली गाडी घाटात खालच्या गिअरमध्ये चढते, तेव्हा चित्र उलटे असते. गाडी हळू, पण इंजिन जोरात. अशा वेळी मूळ पंखा पुरा वारा ओढतो. लहान मोटारकारचा विजेचा पंखा तिथे बसवला, तर तो कमी पडण्याची शक्यता फार. घाटात गरम होते म्हणून मूळ पंखा काढून टाकणे, ही गफलत महागात पडते.

आता विजेचा हिशेब. असा एक पंखा २० अँपिअर घेतो असे धरा. ६० वॉटचे दोन हेडलाइट १२ व्होल्टवर १० अँपिअर घेतात. पावसाळ्यात रात्री वायपर आणि ब्लोअर वेगळे. अल्टरनेटरवर छापलेला आकडा जोरात फिरतानाचा असतो. इंजिन मंद असताना त्याहून बरीच कमी वीज मिळते. हिशेब जुळला नाही तर बॅटरी बसते, मग पंखाही बसतो.

काम करायचेच ठरले, तर या गोष्टींवर तडजोड करू नका. पंखा रिलेवरूनच चालवा, साध्या स्विचवरून थेट नको. फ्यूज बॅटरीजवळ लावा आणि वायर जाड वापरा. बारीक वायर तापून आग लागू शकते. पंखा चालू-बंद करणारा थर्मोस्विच इंजिनाच्या थर्मोस्टॅटपेक्षा वरच्या तापमानाचा हवा. थर्मोस्टॅट ८२ अंशांवर उघडत असेल आणि पंखा ८० वर बंद होणारा असेल, तर तो थांबणारच नाही. पंखा रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा आणि वेष्टनात बसवलेला असावा; नाहीतर तो जाळीच्या एका गोल तुकड्यालाच वारा देतो. रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा बांधू नका. थरथरीने नळ्या फुटतात. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

मात्र खिशात हात घालण्यापूर्वी मूळ दुखणे शोधा. रेडिएटर बाहेरून चिखलाने आणि आतून गाळाने भरला आहे काय? झाकणाचे रबर चांगले आहे काय? कुलंटऐवजी बोअरचे पाणी तर नाही? पट्टा ढिला आहे काय? इंजिन बंद असताना कपलिंगचा पंखा बोटाने ढकलल्यावर भरभर फिरत राहिला, तर कपलिंग गेले असे समजा. आणि सर्वांत आधी, गाडीवर पासिंगपेक्षा जास्त माल तर नाही ना, हे पाहा.

ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारा : गाडी गरम कुठे होते? उभी असताना होत असेल, तर मूळ पंखा ठेवून जोडीला विजेचा पंखा बसवण्याचा विचार करावा. घाटात होत असेल, तर आधी रेडिएटर, कपलिंग आणि वजन पाहावे. दुखणे ओळखल्याशिवाय केलेला खर्च औषधाचाही जातो आणि रोग्याचाही.