नथ लख्ख, डोळे धूसर

ओळखीच्या घरातला लग्नाचा अल्बम चाळत होतो. नवरीच्या नथीचा मोती न् मोती लख्ख, डोळे मात्र धूसर. पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढेही तेच. हात हलला असता तर चूक दर वेळी वेगळी झाली असती. इथे फोकस दर वेळी पुढेच पडत होता. म्हणून हे कोडं समजून घ्यायला कोल्हापूरजवळच्या कळंब्याला गेलो, लेन्स जुळवून देणाऱ्या एका कारागिराकडे.

डीएसएलआरमध्ये आरशामागून थोडा प्रकाश खाली वळतो आणि तळाशी बसवलेला वेगळा सेन्सर त्यावरून फोकस ठरवतो. फोटो उमटतो तो दुसऱ्याच सेन्सरवर. या दोन वाटांच्या लांबीत किंचित फरक पडला, की कॅमेरा ‘जुळलं’ म्हणतो आणि डोळ्यांऐवजी नथ टिपतो. 85 मिमीची लेन्स एफ 1.8 वर असेल, तर दीड मीटरवर स्पष्ट पट्टा जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटरचा.

“पन्नास पट,” तो म्हणाला. कॅमेरा आणि नमुना यांच्यात लेन्सच्या मिलिमीटरच्या पन्नास पट अंतर. 50 च्या लेन्सला अडीच मीटर, 85 ला सव्वाचार. सव्वाचार मीटर त्याच्या खोलीत मावत नाहीत. दार उघडून तिपाई सोप्यात जाते. समोर सरळ उभा छापील नमुना, शेजारी तिरपी पट्टी. पंखा बंद.

मग जे पाहिलं ते अजून मनातून जात नाही. प्रत्येक फोटोआधी तो मुद्दाम फोकस बिघडवत होता. रिंग पार टोकाला न्यायची, मग बटण दाबायचं. “जाग्यावरच असंल तर तिची परीक्षा कुठं झाली? लांब पळवायची, आपली आपण परत आली पाहिजे.” एका फोटोवर तो विश्वास ठेवत नाही, अनेक काढतो, पडद्यावर मोठे करून पट्टीवरचे आकडे वाचतो, मग कॅमेऱ्याच्या मेनूमधला दुरुस्तीचा आकडा एकेका घराने सरकवतो. उणे वीस ते अधिक वीस, एवढीच मुभा. “विसानं बी भागंना, तर लेन्स उघडायला पाहिजे. मग मी हात लावत न्हाई.” पुन्हा रिंग टोकाला, पुन्हा बटण.

याच कोल्हापुरात चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी 1918 मध्ये स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ त्याची आठवण आहे. यंत्र आपल्या हाताने समजून घेण्याची ती रीत या सोप्यात मला जिवंत दिसली.

मिररलेसमध्ये फोकस फोटोच्या सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे ही कटकट बहुधा उरत नाही. पण तेवढ्यासाठी चालता डीएसएलआर मोडीत काढायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं. कितीतरी फोटोग्राफरांचं घर त्यावर चालतं, आणि लग्न पुन्हा लावता येत नाही. तेव्हा लग्नसराईआधी तुमची कॅमेरा-लेन्सची जोडी तपासून घ्या. लेन्स एकटी नेऊ नका; तो दुरुस्तीचा आकडा बॉडीत साठतो, म्हणून दोन्ही बरोबर न्या.